कावेरीकाठचे घर : तिरुवैयारुत वास्तू घेताना

निवृत्तीनंतरचे दिवस शहराच्या धकाधकीपासून दूर, एखाद्या शांत गावात घालवावेत, ही इच्छा नवी नाही. पूर्वी ती काशीवासाच्या संकल्पाच्या रूपाने व्यक्त होत असे. आता ती गृहकर्जाच्या चौकशीच्या रूपाने बँकेच्या टेबलापर्यंत येते. कोणाला कोकणातले आजोळ खुणावते, कोणाला गोव्यातले कौलारू घर. नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेली मुले तेथील कालव्याकाठच्या निवांत खेड्यांची छायाचित्रे धाडतात, आणि आईवडिलांच्या मनात ‘असे काही आपल्याकडे मिळेल का’ हा विचार डोकावतो. ज्यांच्या कानांना कर्नाटक संगीताची ओढ आहे, अशा काही मराठी मंडळींच्या मनात या प्रश्नाचे उत्तर एकाच नावाने उमटते. ते नाव म्हणजे तिरुवैयारु.

समजा, पुण्यातील एक निवृत्त दांपत्य पौष महिन्यात त्यागराज आराधनेसाठी तेथे गेले. पाच दिवस राहिले. नदीकाठच्या एका गल्लीत ओसरी असलेले जुने घर त्यांना दिसले. घर विकाऊ होते, किंमत पुण्यातल्या सदनिकेच्या मानाने कमी होती आणि मालक सौजन्यशील होता. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी विसार देऊन टाकावा, असे त्यांना वाटू लागले. पुण्यातील सदनिका विकून येणारी रक्कम हीच त्यांची आयुष्यभराची पुंजी. या दांपत्याने विसार देण्यापूर्वी काय पाहिले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गाव आणि त्याचे मराठी नाते

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर कावेरीच्या काठी तिरुवैयारु वसले आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. पाच नद्यांचे पवित्र स्थान असा नावाचा अर्थ. गावाचे मुख्य दैवत ऐयारप्पर, म्हणजेच पंचनदीश्वर. कारभाराच्या दृष्टीने हे पूर्वी ‘पेरूराट्चि’, म्हणजे आपल्याकडील नगरपंचायतीसारखे गाव होते. आगगाडी गावात येत नाही. त्यासाठी तंजावर गाठावे लागते. मोठे रुग्णालयही तंजावरलाच. वयाची साठी ओलांडलेल्यांनी हे १३ किलोमीटर रात्रीच्या वेळी किती मिनिटांत कापता येतात, हे एकदा घड्याळ लावून पाहावे.

मराठी माणसाला या परिसराचे परकेपण वाटत नाही, याला इतिहास कारण आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी राजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी स्थापिली आणि १८५५ पर्यंत भोसले कुळाने तेथे राज्य केले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या काळात, १८०३ साली, भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे. तिरुवैयारुच्या नदीकाठावरील पुष्य मंडप आणि कल्याण महाल या वास्तूही मराठा राजवटीची आठवण देतात. हरिकथेची जी परंपरा तमिळ प्रदेशात बहरली, तिच्या घडणीत महाराष्ट्रातून गेलेल्या कीर्तनकारांचा मोठा वाटा होता. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे त्या भागात आजही भेटतात, आणि पाहुण्याच्या तोंडी मराठी ऐकली की त्यांना आनंद होतो. मात्र व्यवहाराची भाषा तमिळ आहे आणि दस्तऐवजांचीही तीच आहे, हे विसरून चालणार नाही.

संतकवी त्यागराज यांचा जन्म १७६७ मध्ये तिरुवारूर येथे झाला. त्यांचे आयुष्य मात्र तिरुवैयारुत गेले आणि १८४७ मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला. पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कीर्तने गातात. या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. चैत्रातील सप्तस्थान उत्सवात सात गावांतून पालख्या फिरतात, तेव्हाही तीच स्थिती. बाकीचे दिवस गाव खरोखरच शांत असते. म्हणून केवळ आराधनेच्या आठवड्यात गाव पाहून निर्णय घेणे इष्ट नव्हे. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये एकदा आणि कडक उन्हाळ्यात एकदा, असे आणखी दोन वेळा तेथे जाऊन राहावे. त्या निमित्ताने मुगाच्या डाळीचा ‘अशोका’ हा तिथला प्रसिद्ध हलवाही पुन्हा चाखता येईल.

ओसरीमागे काय आहे

अग्रहारातील जुने घर रुंदीला कमी आणि लांबीला फार असते. समोर ‘तिन्नै’, म्हणजे आपली ओसरी. मग ‘रेळि’ नावाचा अरुंद बोळ. त्यापुढे आकाशाला उघडा ‘मुट्रम्’, म्हणजे चौक. मग स्वयंपाकघर, आणि शेवटी विहीर व झाडे असलेले परसू, ज्याला ‘कोल्लै’ म्हणतात. कित्येक घरांचे परसदार थेट मागच्या गल्लीत उघडते. छप्पर कौलारू, किंवा तुळयांवर उभ्या विटा चुन्यात बसवून केलेली ‘मद्रास टेरेस’ पद्धतीची गच्ची.

शेजारच्या दोन घरांना एकच भिंत असणे हे येथे नेहमीचे. ती भिंत दोघांची असते, आणि शेजाऱ्याने आपले घर पाडून नवे बांधायला घेतले की कज्जे सुरू होतात. भिंत सामाईक असल्याचा उल्लेख विक्रीखतात आहे की नाही, विहिरीचे पाणी कोणाकोणाचे, परसदाराची वाट हक्काची की वहिवाटीची, हे लेखी असले पाहिजे. तुळयांना वाळवी लागलेली असू शकते. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पाया कोठे खचला आहे, हे पाहायला स्थापत्य अभियंता सोबत न्यावा. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गजा’ चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे मोठे नुकसान केले होते. त्या वेळी या घराचे काय झाले, एवढे शेजाऱ्यास विचारले तरी पुष्कळ समजते.

क्षेत्रफळाच्या मापांतही गोंधळ होतो. तंजावर भागातील जुन्या कागदांत ‘कुळि’, ‘मा’ आणि ‘वेलि’ ही मापे आढळतात. एक कुळि म्हणजे १४४ चौरस फूट. १०० कुळींचा एक मा आणि २० मांची एक वेलि, म्हणजे सुमारे साडेसहा एकर. अलीकडच्या कागदांत ‘सेंट’ असते. एक सेंट म्हणजे ४३५.६ चौरस फूट. आपला एक गुंठा म्हणजे अडीच सेंट. विक्रेता ज्या मापात बोलतो त्याच मापात आकडा लिहून घ्यावा आणि मग त्याचे चौरस फूट करावेत.

नोंदणी म्हणजे मालकी नव्हे

येथून खरा विषय सुरू होतो. नेदरलँड्समध्ये घर विकत घेताना व्यवहार नोटरीमार्फत होतो. तेथील नोटरी हा केवळ शिक्का मारणारा नसतो. तो कायद्याचा अधिकारी असून ‘कडास्टर’ या राष्ट्रीय जमीन नोंदवहीत शोध घेतो, घराची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवतो आणि दस्त नोंदला गेल्यावरच ती विक्रेत्यास देतो. घर घेणाऱ्यास कराराची प्रत हाती पडल्यानंतर तीन दिवस विचार बदलण्याची मुभाही कायद्याने दिली आहे.

भारतात यांपैकी काहीच आपोआप घडत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकासमोर नोंदला जातो तो दस्त. विक्रेता खरोखर मालक आहे, असे प्रमाणपत्र त्या नोंदणीतून मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्याच एका प्रकरणात, विक्रेत्याची मालकी तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही, असे स्पष्ट केले. तात्पर्य, डच नोटरी जे करतो ते सर्व येथे खरेदीदाराच्या वकिलाने करावयाचे असते. तीन दिवसांची मुभाही नाही. विसार दिला की तो गेला, असे समजूनच पावले टाकावीत.

महाराष्ट्रात घर घेतलेल्यांस काही शब्द जुळवून घेतले की तमिळनाडूतील कागद परके वाटत नाहीत. आपल्या सातबाराच्या जागी तेथे ‘पट्टा’ असतो. गावठाणाला ‘नत्तम’ म्हणतात. अग्रहारातील बहुतेक घरे नत्तम जमिनीत किंवा देवस्थानाच्या जमिनीत असतात. तलाठ्याच्या जागी ग्राम प्रशासन अधिकारी असतो. तेथील वंशपरंपरागत कर्णम, म्हणजे आपले कुलकर्णी, १९८० मध्ये बंद झाले. सरकारी पडीक वा सार्वजनिक जमिनीस ‘पोरंबोकु’ म्हणतात आणि तिच्यावरील घर कोणी कितीही वर्षे वापरले असले तरी ते विकत घेऊ नये. बोजा दाखविणाऱ्या उताऱ्यास ‘विल्लंगम’ प्रमाणपत्र म्हणतात. त्यात त्या मिळकतीवर नोंदलेली विक्री, गहाण, बक्षीसपत्र, वाटणीपत्र हे सर्व क्रमाने येते. निदान तीस वर्षांचे विल्लंगम घ्यावे. संगणकावर अलीकडच्या दशकांचे सहज मिळते. त्यामागच्या काळासाठी कार्यालयातील जुनी बाडे हाताने शोधावी लागतात. त्यासाठी लागणारा खर्च क्षुल्लक असतो.

एक गोष्ट मात्र विल्लंगमात दिसत नाही, आणि ती म्हणजे जे नोंदलेच गेले नाही. तोंडी वाटणी, न नोंदलेले मृत्युपत्र, चालू असलेला दावा, नुसत्या ताब्याने राहणारा भाडेकरू, यांचा मागमूस त्यात नसतो. पट्टाही महसुलाची नोंद आहे. सातबाराप्रमाणेच तो एकटा मालकीचा पुरावा ठरत नाही. म्हणून मूळ विक्रीखतांची साखळी, पट्टा, विल्लंगम आणि प्रत्यक्ष ताबा ही चारही एकमेकांशी जुळली पाहिजेत. विक्रीखतातील चतुःसीमा हातात घेऊन घराभोवती फिरावे. पूर्वेस ज्याचे घर लिहिले आहे तो पूर्वेस राहतो का, हे पाहावे.

घर विक्रेत्याचे, जमीन देवाची

तिरुवैयारुसारख्या गावात सर्वांत मोठा धोका येथे आहे, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे.

चोळ, नायक आणि भोसले या तिन्ही राजवटींनी कावेरीकाठच्या देवस्थानांना आणि मठांना उदंड जमिनी दिल्या. तिरुवैयारुच्या ऐयारप्पर मंदिराचा कारभार धर्मपुरम आधीनम या शैव मठाकडे आहे. तंजावर परिसरातील ८८ देवळे ‘तंजावर राजवाडा देवस्थान’ या नावाने एकत्र असून त्यांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे. अशा देवस्थानांच्या जमिनीवर पिढ्यानुपिढ्या लोकांनी घरे बांधली. भिंती आणि छप्पर त्यांचे. खालची जमीन देवाची. जमिनीबद्दल दरसाल देवस्थानास ‘मनै’चे, म्हणजे जागेचे, भाडे द्यावयाचे. ही रक्कम एके काळी इतकी नाममात्र होती की पुढच्या पिढीस ती भाडे न वाटता देवाची वर्गणी वाटू लागली. घर विकताना ‘थोडे देवळात भरावे लागते’ एवढेच सांगितले जाते, आणि तेही शेवटी.

ही पद्धत मुळात वाईट आहे असे नव्हे. ॲम्स्टरडॅम शहरात १८९६ पासून नगरपालिका जमीन विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देत आली आहे, आणि तेथे पट्ट्याच्या जमिनीवरील घरे राजरोस विकली जातात व तारणही ठेवली जातात. फरक एवढाच, की तेथे पट्टा लेखी आणि नोंदलेला असतो, व त्याच्या अटी घेणाऱ्यास आधीच कळतात. येथे अनेकदा जुन्या भाडेपावत्यांखेरीज काहीच नसते.

कायदा या बाबतीत कठोर आहे. तमिळनाडूच्या १९५९ च्या हिंदू धार्मिक व धर्मादाय देणग्या कायद्यातील कलम ३४ नुसार देवस्थानाच्या जमिनीची विक्री, गहाण किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा आयुक्तांच्या मंजुरीवाचून झाला असेल, तर तो रद्दबातल ठरतो. नोंदणी कायद्यात राज्याने घातलेल्या कलम २२-अ मुळे अशा जमिनीचा दस्त नोंदून घेण्यासही नकार मिळतो. तरीही जुन्या काळी नोंदले गेलेले दस्त अस्तित्वात आहेत, आणि त्यांच्याच आधारे घर पुन्हा विकावयास निघते. अशा वेळी विक्रेता लबाड असेलच असे नाही. त्याच्या आजोबांनी ते घर तसेच घेतलेले असते.

पुण्यातील दांपत्याचा विचार केला, तर येथे त्यांचे काय पणाला लागते ते लक्षात येईल. देवस्थानाने पुढे जमिनीवर हक्क सांगितला, भाडे बाजारभावाप्रमाणे वाढविले किंवा अतिक्रमण ठरवून कारवाई सुरू केली, तर त्यांच्याकडे उरतात त्या विटा आणि तुळया. पुण्याची सदनिका तोवर विकली गेलेली असते. बँक अशा मिळकतीवर कर्ज देण्यास नाखूष असते, याचेही कारण हेच. कर्ज नाकारले गेले म्हणून रोख रक्कम गोळा करून घर घेणारे ग्राहक भेटतात. वास्तविक त्या नकाराने त्यांना फुकटात एक कायदेशीर सल्ला मिळालेला असतो.

तपासावे कसे? भूमापन क्रमांक घेऊन महसुलाच्या ‘अ’ नोंदवहीत त्या क्रमांकासमोर कोणाचे नाव आहे, ते पाहावे. देवस्थान खात्याने २०२१ पासून देवळांच्या जमिनींच्या नोंदी संकेतस्थळावर ठेवण्यास आरंभ केला आहे. तेथे तोच क्रमांक शोधावा. देवळाच्या आणि मठाच्या कार्यालयात समक्ष जाऊन विचारावे आणि लेखी उत्तर मागावे. विक्रेत्याकडून गेल्या वीस वर्षांच्या सर्व पावत्या मागाव्यात. त्यांत एखादी ‘मनै’ भाड्याची निघाली तर व्यवहार तेथेच थांबवावा.

काही घरांविषयी ‘ही जागा राजाने आमच्या पूर्वजांना दिली’ असे सांगितले जाते, आणि मराठी पाहुण्यापुढे तर हे हमखास सांगितले जाते. मोडीतील सनद दाखविली जाते. ती खरीही असू शकेल. तथापि १९६३ च्या दोन कायद्यांनी मद्रास राज्यातील इनामे संपुष्टात आली आणि त्या जमिनींचे रयतवारी पट्ट्यांत रूपांतर झाले. त्या वेळी पट्टा कोणाच्या नावे झाला, हा आजचा प्रश्न आहे. सनद भिंतीवर लावण्यास उत्तम.

त्यागराजांच्या समाधीचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. संतांच्या निधनानंतर काही दशकांत ती जागा दुर्लक्षित झाली होती. बंगळूर नागरत्नम्मा या विदुषी गायिकेने १९२० च्या दशकात आधी ती जागा मिळविली, मग स्वतःची मिळकत खर्ची घालून तेथे मंदिर उभारले. १९२६ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. ज्या आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, तिचे स्थान एका स्त्रीच्या कमाईतून उभे राहिले. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे स्मारकही समाधीसमोरच झाले. भक्तीच्या कामातदेखील त्यांनी जमिनीचा प्रश्न आधी सोडविला होता, हे विशेष.

वाटण्या आणि सह्या

त्यागराजांचे घर तिरुमंजन वीथीत होते. वडिलांच्या पश्चात त्या घराची थोरल्या भावाशी वाटणी झाली, असे परंपरा सांगते. त्या थोर पुरुषाचीही यातून सुटका झाली नाही, तर इतरांची काय कथा!

अग्रहारातील कुटुंबे गेल्या शंभर वर्षांत चेन्नई, मुंबई, दिल्ली आणि पुढे अमेरिकेस गेली. मागे राहिलेला एक भाऊ घर सांभाळतो आणि तोच विकावयास निघतो. विक्रीस सर्वांची संमती आहे, असे तो सांगतो, आणि त्याला तसे मनापासून वाटतही असते. कायद्याला मात्र सह्या लागतात. तहसीलदाराकडील वारस दाखला मागवून त्यातील प्रत्येक नाव तपासावे. मुलींचा हक्क विशेष पाहावा. तमिळनाडूने १९८९ मध्येच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला होता; महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर सर्व मुलींना मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा दिला. लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणीची सही नसेल, तर तो दस्त पुढे न्यायालयात उभा राहू शकतो.

परदेशी असलेला वारस कुलमुखत्यारपत्र पाठवितो. ते भारतीय वकिलातीसमोर किंवा तेथील कायद्यानुसार साक्षांकित झालेले असावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ते देणारी व्यक्ती विक्रीच्या दिवशी हयात असणेही आवश्यक आहे. नुसत्या कुलमुखत्यारपत्राच्या आणि कराराच्या आधारे घर ‘विकत’ घेण्याची पद्धत २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य ठरविली आहे.

हिशेब

तमिळनाडूत विक्रीखतावर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि २ टक्के नोंदणी शुल्क पडते. एप्रिल २०२३ पूर्वी नोंदणी शुल्क ४ टक्के होते. शुल्काची आकारणी विक्रीची किंमत आणि शासनाने त्या रस्त्यासाठी ठरविलेले मार्गदर्शक मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंतची मिळकत स्त्रीच्या नावे घेतल्यास नोंदणी शुल्कात १ टक्का सवलत जाहीर झाली. विक्रीचा करारही तेथे नोंदवावा लागतो.

उदाहरणादाखल ४० लाखांचे घर धरू. मुद्रांक शुल्क २ लाख ८० हजार आणि नोंदणी ८० हजार, असे ३ लाख ६० हजार रुपये घराच्या किमतीशिवाय लागतील. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे येथे ३२ लाखांपर्यंत, कर्ज देता येते, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या मूल्यात धरता येत नाही. म्हणजे ८ लाख अधिक ३ लाख ६० हजार, मिळून ११ लाख ६० हजार रुपये पदरचे हवेतच. प्रत्यक्षात जुन्या घराचे मूल्य ठरविताना बँकेचा मूल्यनिर्धारक इमारतीचे उरलेले आयुष्य पाहतो आणि आकडा खाली येतो. निवृत्तिवेतनधारकास परतफेडीची मुदतही कमी मिळते. १२ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १५ हजार २०० रुपये होतो. निवृत्तिवेतनातून औषधपाण्याचा आणि पुण्या-तंजावरच्या प्रवासाचा खर्च वजा करून मग या आकड्याकडे पाहावे. जुन्या घराची डागडुजी अंदाजपत्रकात थांबत नाही, हे निराळेच.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने १ टक्का प्राप्तिकर कापून भरावयाचा असतो. विक्रेत्यांपैकी कोणी अनिवासी असेल, तर त्याच्या वाट्यावर ही ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि कपातीचा दरही पुष्कळ अधिक असतो. ही कपात न केल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते. उलटपक्षी, परदेशस्थ मराठी ग्राहक स्वतः घर घेणार असतील, तर अनिवासी भारतीयांस राहते घर घेण्यास मुभा आहे. शेतजमीन व फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. परसाच्या मागे लागून असलेला भाताचा तुकडा ‘घराबरोबरच’ देऊ केला जातो; तो नाकारावा.

पुण्यातील दांपत्यास देण्याजोगा व्यवहारी सल्ला असा, की सदनिका विकण्याची घाई करू नये. ती भाड्याने द्यावी आणि त्या भाड्यात तिरुवैयारुत वर्षभर घर भाड्याने घेऊन राहावे. त्या भागात ‘भोग्यम’ नावाचीही पद्धत आहे. एकरकमी रक्कम ठेवून बिनभाड्याने राहावयाचे आणि घर सोडताना ती रक्कम परत घ्यावयाची. वर्षभर राहण्याकरिता ती सोयीची आहे, पण तीही नोंदवूनच घ्यावी. आणि आपण विकत घेत असलेल्या घरावर असा कोणाचा भोग्यम तर नाही ना, हे विल्लंगमात पाहावे. नाहीतर घर आपले आणि आत राहणारा दुसरा, असा प्रसंग यायचा.

खरेदीनंतर

विक्रीखत झाल्यावर पुष्कळजण सुस्कारा सोडतात आणि कागद कपाटात ठेवतात. पट्ट्यावर नाव लावून घेणे, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालमत्ता करात नाव बदलणे, पाणीपट्टी आणि वीजजोडणी आपल्या नावे करणे, ही कामे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरकावीत. वर्षातून एकदा विल्लंगम काढून पाहावे. बंद घराचा दस्त तिसऱ्याच कोणी करून दिल्याचे त्यातून वेळीच कळते. घर वर्षातील काही महिने बंद राहणार असेल, तर हे अधिकच आवश्यक.

कर्ज घेतले असल्यास मूळ दस्त बँकेकडे राहतात. त्यांची यादी, प्रत्येक कागदाची तारीख आणि दस्त क्रमांकासह, बँकेकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ मधील आदेशानुसार कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत हे सर्व मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवशी ५ हजार रुपये भरपाई देय होते. कर्जदाराच्या पश्चात हे कागद वारसांना कसे मिळावेत, याची कार्यपद्धतीही बँकेने जाहीर केलेली असते. कर्ज घेतानाच ती विचारून घ्यावी आणि मुलांना कळवून ठेवावी, विशेषतः मुले नेदरलँड्समध्ये असतील तर.